घरालाही सिंकिंग फंड हवा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्या एका ज्येष्ठ सभासदाने, निवृत्त बँक अधिकाऱ्याने, केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘खरेदी आणि कर्ज’ असं सांगितलं. ते म्हणाले, “काका, रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी आनंदाचं बोला ना.” मी म्हटलं, कर्ज फिटणं याच्यापेक्षा आनंदाची गोष्ट मला तरी माहीत नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली. कर्ज मंजूर झाल्यावर हसणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण शेवटचा हप्ता भरून तारणाची कागदपत्रं परत नेणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळाच असतो.

पंचवीस वर्षांपूर्वी संस्थेची नोंदणी झाली तेव्हा आपल्यापैकी बरेचजण चेंबूर, नेरूळ, डोंबिवलीला भाड्याने राहत होते. आधी नोंदणी, मग भूखंड, मग इमारत. त्या काळात उलव्याला येणं म्हणजे रिक्षावाल्याची मनधरणी करणं. किराणा घ्यायचा तर गावातलं दुकान, नाहीतर नेरूळ-बेलापूर. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत गाडी आली. जानेवारी २०२४ मध्ये तीच गाडी उरणला पोचली आणि त्याच दिवसांत अटल सेतूही सुरू झाला. आता विमानतळही झाला. रस्ते आले, पाठोपाठ दुकानं आली, आणि दुकानांच्या आधी आपल्या मोबाइलवर कर्ज आलं. कालपरवापर्यंत पाव आणायला सायकल काढणारे आपण, आज दहा मिनिटांत कोथिंबीर दारात मागवतो. सोय झाली, यात शंका नाही. पण तिचा हिशोब मांडायचा राहून गेला, म्हणून आजचं हे बोलणं.

सुरुवात गर्दीपासून करू. पहिल्या तारखेनंतरच्या शनिवारी संध्याकाळी गोदामासारख्या मोठ्या दुकानात जाऊन बघा. डी-मार्ट घ्या किंवा दुसरं कुठलंही. ढकलगाडीला ढकलगाडी लागलेली असते. तेलाच्या डब्यांपाशी वाहतूक खोळंबलेली, बिलाच्या रांगेत लहान मुलं पेंगुळलेली. तरी सगळे खुशीत, कारण माल स्वस्त आहे. आणि तो खरंच स्वस्त आहे, हे मी आधीच मान्य करतो. डाळ, साखर, तेल, साबण या वस्तूंत छापील किमतीपेक्षा चार पैसे वाचतात. मी स्वतः तिथे जातो. माझं म्हणणं दुकानाविरुद्ध नाही.

माझं म्हणणं त्या ढकलगाडीबद्दल आहे. १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा इथल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आणली. गिऱ्हाईक हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबवतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. सुरुवातीला लोक गाडी घ्यायला लाजत, म्हणून त्याने पगार देऊन माणसं ठेवली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरवलं. म्हणजे हाताला लागणारं ओझं हा खरेदीवरचा पहिला ब्रेक होता, तो त्याने काढून टाकला. खिशातून जाणारी नोट हा दुसरा ब्रेक, तो कार्डाने काढला. आणि ‘पगार झाल्यावर घेऊ’ हा तिसरा ब्रेक, तो हप्त्याने काढला. ब्रेक नसलेली गाडी उतारावर किती छान पळते, हे आपल्याला माहीत आहे.

एक साधं गणित मांडतो. घरून यादी करून निघालो, ती २,८०० रुपयांची. बिल झालं ४,२५० चं. बिलाच्या तळाशी छापलेलं, आपण ६१० रुपये वाचवले. घरी येऊन आपण हेच सांगतो, “सहाशे वाचले.” वाचले कुठे? यादीपेक्षा १,४५० जास्त गेले. दर महिन्याला असं झालं तर वर्षाचे १७,४०० रुपये. महिना २,९०० रुपये मेंटेनन्स धरला तर हे सहा महिन्यांचं मेंटेनन्स झालं. आणि हेच सभासद वार्षिक सभेत शंभर रुपयांच्या वाढीवर पाऊण तास बोलतात! (हशा) बोलावं, तो त्यांचा हक्कच आहे. पण तोच डोळा घरच्या बिलावरही असावा.

आता या धंद्याची दुसरी बाजू. बँकेत कुठलाही प्रस्ताव आला की आम्ही आधी ताळेबंद बघायचो. तुम्हीही बघा, फार शिकण्यासारखं आहे. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. राधाकिशन दमाणी यांची ही कंपनी. ३१ मार्च २०२५ ला दुकानं ४१५ होती. वाढ सावकाश. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची, जाहिरातीवर खर्च कमी, आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भावात सूट घ्यायची. २०१७ मध्ये कंपनीने शेअर विकून १,८७० कोटी रुपये उभे केले, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा कर्ज फेडायला वापरला.

दुसरं उदाहरण बिग बझारचं. २००१ साली सुरू झालं, झपाट्याने देशभर पसरलं. २६ जानेवारी २००६ च्या ‘सबसे सस्ता दिन’ला इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. तेव्हा वाटलं, या दुकानाला मरण नाही. पण वाढ सगळी कर्जावर. करोनाच्या टाळेबंदीत विक्री थांबली, हप्ते थांबले नाहीत. २०२२ मध्ये दुकानांवरच्या पाट्या उतरल्या आणि त्याच वर्षी जुलैत कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. गर्दी दोन्हीकडे होती. एकाने आपली ऐपत बघून पाऊल टाकलं, दुसऱ्याने उद्याच्या कमाईवर आजचं दुकान मांडलं. घराचंही याहून वेगळं नसतं. गंमत अशी, की स्वतः कर्ज टाळणाऱ्या दुकानात आपण जातो आणि बिल मात्र उसन्या पैशाने देतो.

कुणी म्हणेल, उधारी काय आजची आहे? खरं आहे. आपल्या आई-वडिलांनी वाण्याच्या वहीवरच संसार केले. पण त्या वहीत एक गुण होता. वाण्याला आपल्या घराचा पगार माहीत असायचा. दोन महिने बाकी राहिली की तो म्हणायचा, “वहिनी, या खेपेला जरा कमी करा.” तो उधार देणाराही होता आणि लगाम धरणाराही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या सेक्टरमधल्या छोट्या दुकानदारांनी किती घरांना वहीवर माल दिला, ते इथे बसलेल्यांना आठवत असेल. मोबाइलवरचं अॅप असं सांगत नाही. तुम्ही जितके अडचणीत, तितकी त्याची मर्यादा वाढवून द्यायची तयारी.

आणि ज्यांना स्वस्तही हवं होतं आणि फसायचं नव्हतं, त्यांनी आपल्या महाराष्ट्रात मार्ग काढले होते. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर सुरू झालेलं दुकान म्हणजे आजचा अपना बाजार. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी उभारलेल्या ग्राहक चळवळीचंच ते काम. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. महिन्याची मागणी आधी कागदावर लिहून द्यायची, सगळ्यांचा माल एका घरी येतो, आणि सभासद स्वतःच वाटप करतात. यात स्वस्ताई घाऊक खरेदीची आहेच. मला त्याहून मोलाचा वाटतो तो आधी लिहिलेला कागद. घरात बसून, डबे उघडून बघून लिहिलेली मागणी आणि दिव्यांच्या झगमगाटात गाडी ढकलत केलेली खरेदी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नाव, मजला, वर्ष काही सांगणार नाही, कुणी तर्कही करू नये. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन बोलतो आहे.

नवरा-बायको दोघं नोकरीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार. घराचं कर्ज ४० लाखांचं, वीस वर्षांचं, बदलत्या व्याजदराचं. घेतलं तेव्हा दर पावणेसात टक्के, हप्ता सुमारे ३०,४००. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढवला. यांचा दर सव्वानऊ झाला, हप्ता ३६,६०० च्या घरात गेला. म्हणजे महिन्याला सहा हजार दोनशेचा खड्डा. पगार तेवढाच. तो खड्डा त्यांनी क्रेडिट कार्डाने भरला.

पहिली चाहूल कुठे लागली सांगू? आपल्याच संस्थेच्या थकबाकीच्या यादीत. गृहकर्जाचा हप्ता वेळेवर, कार्डाची किमान रक्कम वेळेवर, पण मेंटेनन्स चौदा महिने थकलं. कारण संस्था फोन करून धमकावत नाही. माणूस अडचणीत आला की सगळ्यात आधी त्याचेच पैसे थांबवतो जो सभ्यपणे मागतो. थकबाकीची नोटीस गेली आणि त्या रात्री तो मुलगा माझ्याकडे आला. हातात कागदांची पिशवी.

आम्ही तीन रात्री बसून सगळं एका कागदावर उतरवलं. चार कार्डं, दोन अॅपची कर्जं, टीव्ही, फोन, लॅपटॉप यांचे हप्ते. गृहकर्ज सोडून महिन्याला ४७,००० रुपये. दोन्ही मिळून ८३,६००. उरले २१,४००. त्यात किराणा, शाळा, वीज, पास. ते भागणार कसं? किराणाही कार्डावर, शाळेची फीही कार्डावर. गृहकर्ज सोडून एकूण देणं अकरा लाखांवर गेलेलं.

मी खर्चाच्या नोंदी बारकाईने बघत होतो. जुगार नाही, दारू नाही, आजारपण नाही. उधळपट्टी म्हणावी अशी एकही वस्तू नाही. मुलीचा वाढदिवस, महाबळेश्वरची दोन रात्रींची सहल, आईला फ्रिज, दर शनिवारचं मोठ्या दुकानातलं बिल. घरात माळ्यावर कपडे धुण्याच्या पावडरीची सहा न फोडलेली पाकिटं होती आणि दोन मिक्सर. एकावर एक मोफत. तो मला म्हणाला, “काका, मी आजपर्यंत एकही हप्ता चुकवला नव्हता हो.” खरं होतं ते. एका कार्डातून दुसऱ्याचा हप्ता जात होता. त्याच्या बायकोने त्या वेळी पहिल्यांदा सगळे आकडे एकत्र बघितले. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. पण तिचा हात थरथरत होता, हे मी पाहिलं.

शेवटी त्यांनी फ्लॅट विकला. गृहकर्ज आणि सगळी देणी फेडून थोडी रक्कम हातात राहिली. आता भाड्याने राहतात, एकही कार्ड नाही, मुलगी शाळेत चांगली शिकते आहे. मी याला शोकांतिका म्हणत नाही. वेळेवर विकलं म्हणून सुटले. पण ज्या घरासाठी त्यांनी पाच वर्षं हप्ते भरले, ते घर एखाद्या मोठ्या संकटाने गेलं नाही. हजार-दोन हजारांच्या बिलांनी गेलं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

किमान रक्कम म्हणजे काय, ते तरुण मंडळींनी नीट ऐकावं. कार्डावर ५०,००० बाकी आहे. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर १,७५०. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ३१५. किमान रक्कम पाच टक्के म्हणजे २,५०० भरली, तर मुद्दलात जमा किती? फक्त ४३५ रुपये. अडीच हजार भरल्याचं समाधान, आणि बाकी पन्नास हजारांची साडेएकोणपन्नास. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड किती लांबेल, याचा इशारा विवरणपत्रावर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे. तो बारीक टाइपात असतो, चष्मा लावून वाचा. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, तेही चढत्या व्याजाने. आपली संस्था थकबाकीवर जास्तीत जास्त एकवीस टक्के घेऊ शकते आणि तेही सरळव्याज, तरी सभेत आपल्याला सावकार म्हणतात!

‘शून्य टक्के हप्ता’ हा दुसरा भ्रम. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठेतरी लपलेलं असतं. रोखीने घेतलं असतं तर मिळाली असती ती सूट जाते, किंवा प्रक्रिया शुल्क लागतं. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, “आत्ता सगळे पैसे दिले तर किती?” दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज.

आपल्या इतिहासातलं एक पान सांगतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. त्यातून १८७९ चा कायदा आला आणि कागदावर काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन खरा हिशोब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याचा अंगठा घेतला जाई. आपण पदवीधर. पण अॅपच्या अटी न वाचता ‘मान्य’वर अंगठा आपणही टेकवतोच ना? १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य बाबींचं एक विवरण देणं बंधनकारक आहे. सर्व शुल्कं धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहिलेलं असतं. तो एक आकडा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. २०२०-२१ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांपर्यंत होती. ते टाळेबंदीचं वर्ष, खर्च करायला बाहेर पडायलाच मिळत नव्हतं, हे खरं. पण २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेलाही कार्डं आणि विनातारण कर्जांवर बँकांसाठी नियम कडक करावे लागले. वरचे लोकही काळजीत आहेत, एवढाच याचा अर्थ.

मग करायचं काय? उपाय आपल्याच संस्थेच्या उपविधीत आहे. बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. हे पैसे आपण कुरकुरत देतो, पण गेल्या पावसाळ्याआधी गच्चीचं काम निघालं तेव्हा आपल्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. इमारत झिजणार, लिफ्ट बिघडणार, हे कायद्याने गृहीत धरलंय. मग घरातला फ्रिज बिघडणार, जूनमध्ये शाळेची फी येणार, भाद्रपदात गणपती आणि आश्विनात दिवाळी येणार, हे आपण का गृहीत धरू नये? गणपती काय अचानक येतात?

तेव्हा पहिली गोष्ट, घराचा सिंकिंग फंड. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत रक्कम आपोआप वळती करा. हजार का होईना. दुसरी गोष्ट, घरातल्या सगळ्या कर्जांचा एकच कागद करा आणि तो नवरा-बायको दोघांनी बघा. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो, तोही मागवा. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज आहे का, तेही कळेल. तिसरी, मोठ्या दुकानात जा, पण यादी घेऊन, जेवून, आणि महिन्यातून एकदा. पाकिटावर छापील किमतीबरोबर दर ग्रॅमचा भाव असतो, तो बघा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही. चौथी, कर्ज झालंच असेल तर सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडा आणि बँकेत स्वतः जाऊन बोला. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना सतावायची तर मुळीच नाही. बँकेने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आणि एक विनंती कार्यकारिणीला. थकबाकीच्या यादीत नेहमी वेळेवर भरणाऱ्या सभासदाचं नाव तीन महिने दिसलं, तर नोटीस पाठवण्याआधी कुणीतरी जाऊन त्याच्याकडे चहा घ्यावा. यादी फलकावर लावायची घाई करू नये. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात बसायला तयार आहे. ज्याला कागद दाखवायचे असतील त्याने यावं. तिथली गोष्ट तिथेच राहील. माझ्याबरोबर इमारतीतले आणखी दोन निवृत्त बँकवाले यायला तयार झाले आहेत. तिघांची मिळून शंभरावर वर्षांची नोकरी, पगार शून्य! (हशा, टाळ्या)

पुढची पंचवीस वर्षं बघायला मी असेन की नाही, सांगता येत नाही. पण सुवर्णमहोत्सवाच्या वेळी सभासदांच्या यादीत आजचीच आडनावं असावीत, घरं विकून गेली तर ती मोठं घर घेण्यासाठी गेली असावीत, एवढी इच्छा आहे. बाहेर कांदेपोहे तयार आहेत आणि त्यांचे पैसे खजिनदारांनी रोख दिलेले आहेत.